लिचाबाईचा घेवडा

“तुझ्या सासूला आवडतो म्हणून डुकराची चरबी सढळ हाताने घातलीय,” बाजारात घेवडा विकणारी लिचाबाई स्पॅनिशमध्ये म्हणाली आणि तिने पिशवीला गाठ मारली.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मेक्सिकोतल्या या समुद्रकाठच्या गावी आम्ही वर्षभर राहत होतो. सासूबाई दोन महिन्यांपूर्वी मिरजेहून आल्या होत्या. जन्मात अंड्यालाही न शिवलेल्या त्या बाईला मी रोज बाजारातून हा परतलेला काळा घेवडा आणून वाढत होते. त्यात काय असतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

सांगायचं नाही, असं वाटेत ठरवलं. पण दुपारी त्यांनी नेहमीसारखं हौसेनं ताट पुढे केलं आणि माझ्याच्याने वाढवेना. रडतच सगळं सांगितलं.

त्या पानावरून उठल्या आणि देवापुढे जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तयार होऊन म्हणाल्या, “चल, मला त्या बाईकडे घेऊन चल.”

आता भांडण होणार, या धास्तीनं मी निघाले. त्यांनी लिचाबाईसमोर तेलाची बाटली ठेवली आणि चक्क मराठीत म्हणाल्या, “बाई, तुझ्या हाताला चव आहे. यात करून दे.”

मी भाषांतर करेपर्यंत लिचाबाईनं कढई घासायला घेतली होती.

सासूबाईंनी उभ्याउभ्याच घास घेतला.

“आधीसारखा नाही झाला गं,” त्या माझ्या कानात म्हणाल्या आणि अर्धा किलो बांधून घेतला.