खडूनं लिहिलेलं नाव

सासूनं तळव्यानं खडू पुसला, तोही दुसऱ्यांदा, आणि पाथरवट छिन्नी खाली ठेवून नुसता बघत राहिला.

युद्धस्मारकाच्या काळ्या भिंतीवर दोन नावांच्या मध्ये एक जागा कोरी होती. लढाईत बेपत्ता झालेल्यांसाठी अशी जागा राखायची आणि घरच्यांनी पहिला घाव घातल्याशिवाय नाव कोरायचं नाही, ही तिथली रीत. नवऱ्याची नऊ वर्षं वाट पाहून सून आज एकटीच आली होती. सासूला पत्ताही लागू दिला नव्हता. पण तिच्यापासून काही लपतंय थोडंच! बाई पाठोपाठ हजर.

"घरात एकमत करून या," पाथरवट म्हणाला. "मी काय, उद्याही इथेच आहे."

"उद्या नाही, आत्ता. लिहा परत," सून म्हणाली.

त्यानं मुकाट्यानं नाव पुन्हा लिहिलं. सासू पुढे सरसावली, तशी सून मध्ये आडवी उभी राहिली. आजवर तिनं सासूपुढे ब्रही काढला नव्हता.

"सरक," सासू म्हणाली. "जन्मभर कपडे बेतलेत मी. खडूची रेघ पुसता येते गं, एकदा कात्री लागली की संपलं. माझ्या लेकराला कात्री लावायला निघालीस?" तिनं पिशवीतून नवाकोरा शर्ट काढला आणि सुनेच्या तोंडासमोर नाचवला. "हा बघ यंदाचा. पोटाला दोन बोटं सैल ठेवलाय. वय झालं की माणूस अंगानं सुटतोच."

असे शर्ट घरी कपाटात थप्पीनं पडले होते, दरवर्षीचा आधीच्याहून थोडा सैल. त्यांना इस्त्री करायची ती सूनच. आज मात्र तो शर्ट बघून तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"आई, वय तुम्ही वाढवताय त्यांचं! ते गेले तेव्हा होते तेवढेच आहेत." तिचा आवाज फाटला. "डोळ्यात पाणी आलं की तुम्ही दटावता, अभद्र रडू नकोस, येईल तो. मग मी रडायचं कुठे हो? निदान ही एवढीशी जागा तरी द्या मला."

पुसायला उचललेला सासूचा हात तसाच राहिला. तळवा खडूनं पांढराफटक झाला होता. शेवटी पाथरवटानं खाकरून छिन्नी-हातोडी सुनेपुढे धरली.

सुनेनं छिन्नी पहिल्या अक्षरावर टेकवली. हाताला असा कंप सुटला की टोक दगडावर टकटक वाजू लागलं. ते घसरून शेजारच्या नावावर जाणार, एवढ्यात सासूनं शर्ट खांद्यावर टाकला आणि सुनेच्या बोटांवरून छिन्नी घट्ट धरली.

"सरळ धर," ती करवादली. "दगड आहे हा. उसवता यायचा नाही."

सुनेनं हातोडी उचलली. घाव बसला.

सुनेला हुंदका फुटला, मग दुसरा, मग ती आवरेचना. सासूनं या वेळी तिला दटावलं नाही. तिनं खांद्यावरचा शर्ट ओढला, त्याची नीट घडी केली आणि अक्षराच्या खाचेत बसलेली धूळ त्यानं हलकेच पुसून काढली.