बोटाखालचं शेत

"आजी, या कागदावर जरा बोट फिरवा," अंधशाळेच्या कल्पिताबाई म्हणाल्या, तशी गोदाआजीने मूठ आवळली. डोळे गेल्यापासून पुतण्या मितेश सांगेल त्याखेरीज ती कुठल्याच कागदाला हात लावत नसे.

"अंगठा नाय देनार मी."

"अंगठा नकोय हो. मुलांसाठी आपल्या दिवा गावाचा नकाशा केलाय, हाताने वाचायचा. बरोबर जमलाय का, सांगा."

आजीने बिचकत एकच बोट टेकवलं. सुतळीची खाडी लागली, मग खरखरीत मिठागर. "त्याला लागून माझं शेत. हितं हे खडे कसले?"

"बटणं आहेत ती. एक बटण म्हणजे एक इमारत."

आजीने सगळी बटणं चाचपली. मग शेजारी बसलेल्या पुतण्याकडे तोंड वळवलं.

"मितेश, दरसाल आपल्या शेतातला म्हणून आनतोस, तो तांदूळ कुनाचा रं?"