वाकडं पाऊल

“गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे,” स्त्रीरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या आणि डॉक्टरसाहेब चक्क हसले.

“शक्यच नाही. आमच्या घरात?”

शेजारच्या खुर्चीवर त्यांची बायको बसली होती. ती हसली नाही.

डॉक्टरसाहेब म्हणजे त्या भागातलं मोठं प्रस्थ. खोकल्यापासून घटस्फोटापर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे औषध नाहीतर मत तयार असे. महिला मंडळात बोलायला उभे राहिले, की हा आजार कुणाला होतो तेही ठणकावून सांगत. “ज्यांचं पाऊल वाकडं पडतं त्यांना. घरंदाज बाईनं काळजी करायचं कारण नाही.” घरंदाज बायका टाळ्या वाजवत. एवढ्या टाळ्या पडल्यावर तपासणीचं नाव कोण काढणार? आपणच आपल्या तोंडाला काळं फासून घ्यायचं?

बायकोने मात्र घरात नाव काढलं होतं. पाळी कधीच थांबली होती आणि पुन्हा रक्त दिसायला लागलं, तेव्हा.

“अगं, वय झालं की यंत्र कुरकुरणारच,” पेपरातून डोकं न काढता ते म्हणाले, आणि रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. तिने पुन्हा विषय काढला तर भडकले. “माझ्या बायकोनं ती तपासणी करून घ्यायची? लोक काय म्हणतील?”

नवराच डॉक्टर. दाद मागायची कुणाकडे? कंबरदुखीनं ती अंथरुणातून उठेना, स्वयंपाकघर थंड पडलं, तेव्हा कुठे स्वारी तिला घेऊन इथं आली.

आता त्यांचं हसू विरलं. ते तिच्याकडे वळले. रोग्याला लक्षणं विचारावीत तशा आवाजात म्हणाले, “खरं सांग. कोण होता?”

आपल्याला रडू फुटेल असं तिला वाटलं होतं. आली ती किळस.

“तुमच्याशिवाय दुसरा पुरुष मला ठाऊक नाही.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “सर, हा आजार विषाणूमुळे होतो, आणि विषाणू चारित्र्याचा दाखला मागत नाही. संसार केलेल्या कुठल्याही बाईला होऊ शकतो. तो विषाणू वर्षानुवर्षं अंगात गुपचूप पडून राहतो. नवऱ्याकडूनही येतो. हे तुम्हाला मी सांगायचं?”

“पण ती तर लग्नाआधीची गोष्ट—”

डॉक्टरसाहेबांनी जीभ चावली. पण शब्द सुटून गेला होता.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने बाईंना विचारलं, “उपाय आहे ना?”

“आहे. उशीर झालाय, पण आहे. उद्याच भरती व्हा.”

“होते.”

“अगं, ऐक तर,” डॉक्टरसाहेब पुटपुटले. सभा गाजवणारा तो आवाज टेबलापलीकडेही पोचेना. “तेव्हा मी शिकत होतो... तसं काही...”

ती टेबलाचा आधार घेत सावकाश उठली. कोण, कुठली, किती दिवस, काही विचारलं नाही.

“तिलाही कळवा,” ती म्हणाली. “असेल तिथे. तपासून घे म्हणावं.”