दांड्याचं दुसरं टोक

"उद्या ही गाडी चालली नाही, तर मी बर्गनला परत जाणार नाही," चाकाचा शेवटचा नट पान्याने आवळत आर्नेने बापाला बजावलं.

म्हाताऱ्या हाल्वरने खोट शोधत नव्या हातगाडीभोवती एक फेरी मारली. जाड रबरी चाकं, ब्रेक, पिंप बांधायला रुंद पट्टे. नाव ठेवायला कुठे जागाच नव्हती.

हाल्वरच्या घरी नाताळची बिअर लाकडी पिंपात आंबायची. ते भरलं पिंप भट्टीघरातून उतारावरच्या तळघरात नेणं, हे खरं जोखमीचं काम. पिंपाच्या दोन कानांतून दांडा घालायचा, दोघांनी दोन टोकं खांद्यावर घ्यायची आणि पावलाला पाऊल जुळवून चालायचं. बायको होती तोवर दुसरं टोक तिचं. ती गेल्यावर हाल्वरने पिंप एकट्याने ओढून पाहिलं आणि बरगडी मोडून घेतली. तेव्हापासून दुसऱ्या टोकाला शेजारची गुन्वोर येऊ लागली. तीही एकटीच. दोघांची ओळख शाळेपासूनची, अरे-तुरेची.

तिकडे बर्गन शहरात बरगडीची बातमी कळल्यापासून आर्नेने एकेक साधन धाडायचा सपाटा लावला. आधी उचलायचे पट्टे आले. त्यांचं बक्कल हाल्वरने ओढ्यात भिरकावलं. मग पंप आला, त्याच्या नळीला त्याने आपल्या हाताने चीर पाडली. गेल्या साली पहिली गाडी आली. तिच्या चाकाचा नट काढून त्याने खिशात टाकला आणि पोराला फोनवर सांगितलं, "अरे, हल्ली माल फार भिकार येतो."

वाईट वाटायचं त्याला. पोरगं काळजीपोटीच तर करत होतं. पण साधन चाललं की गुन्वोरचं येणं संपलं, हे उघड होतं. पिंप खाली ठेवलं की ती जेवायला थांबायची, बिअरला नावं ठेवत ठेवत तीन पेले रिचवायची. ती एक दुपार हाल्वर वर्षभर पुरवून पुरवून आठवायचा. 'ये की, अशीच बसायला ये,' एवढं म्हणायला त्याची जीभ कधी रेटली नव्हती.

आणि या खेपेला आर्ने जातीने हजर. आल्यापासून तो बापाला क्षणभर एकटा सोडत नव्हता. गाडी गोठ्यात आणि हाल्वर पोराच्या नजरेखाली. नटाला हात लावायची सोयच उरली नव्हती.

सकाळी दोघं न्याहारी करत होते, तेव्हा गुन्वोर खिडकीसमोरून गेली. गोठ्यात शिरली आणि जरा वेळाने दांडा घेऊन बाहेर आली.

"काकू, आज दांड्याचं काम नाही," आर्नेने खिडकीतून हाक मारली. "आज तुम्ही नुसतं बसायचं आणि प्यायचं."

"असू दे रे दाराशी. बर्फात कपडे वाळत घालायला होईल."

"आणि पुढच्या सालापासून तर यायचीही तसदी नको."

गुन्वोरने मान डोलावली. बोलायचं तर आत्ताच, असं हाल्वरने मनाशी ठरवलं. घसा खाकरला, तोंड उघडलं आणि म्हणाला, "लोणी दे रे जरा."

न्याहारी आटोपून आर्नेने गाडी बाहेर काढली. चार पावलं आली असेल नसेल, डावं चाक निसटलं आणि गडगडत जाऊन कुंपणाला थडकलं. गाडी तोंडावर आपटली आणि तिचा आस वाकला.

आर्ने आधी गाडीकडे बघत राहिला, मग बापाकडे. "काल मीच आवळला होता हो नट."

"माझ्याकडे काय बघतोस? कालपासून तुझ्या बगलेत तर आहे मी," हाल्वर म्हणाला. साधनांच्या बाबतीत तो पहिल्यांदाच खरं बोलत होता. नवल त्यालाही वाटत होतं, पण आनंद त्याहून जास्त होता. देवच पावला म्हणायचा.

"ठीक आहे, मग एक टोक मी धरतो," आर्ने म्हणाला.

"तू?" गुन्वोरला हसू आलं. "केवढा ताडमाड वाढलायस बघ. दांडा तिरका झाला की सगळी बिअर बापाच्या अंगावर. त्याला नाताळची आंघोळ आत्ताच घालायचीय का? सरक बाजूला, दार उघड जा तळघराचं."

आर्ने चरफडत पुढे गेला. इकडे दोघांनी दांडा खांद्यावर घेतला, हाल्वर पुढे आणि ती मागे. पावलाला पाऊल जुळलं. उतारावर मागे वळून बघायची सोय नव्हती, खांदा हलला की पिंप हिंदकळलंच. पण ती मागे आहे, एवढ्यानेच त्याला फार बरं वाटत होतं.

"नशीब बघ," तो पुढे बघतच म्हणाला. "नवी कोरी गाडी, आणि चाक आपोआप निखळलं."

"आपोआप कसलं?" मागून गुन्वोर म्हणाली. "दर खेपेला तूच काहीतरी मोडून ठेवतोस, म्हणून मी निर्धास्त असायचे. यंदा पोराने तुला मोकळं सोडलं नाही, मग मलाच पाना घेऊन यावं लागलं."