जड स्टिअरिंग

"बागेतल्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग फार जड झालंय," असं बाबा वर्षभर सांगत होते. सून म्हणायची, "बाबा, स्टिअरिंग तेच आहे, तुमचे हात थकलेत."

मग हातांना तीन डॉक्टर झाले, रोजचं तेल चोळून झालं. शेवटी वळताना ट्रॅक्टर कुंपणात घुसला, तेव्हा सगळ्यांनी एकमताने बाबांची रवानगी लेकीच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये केली.

गवत गुडघ्याला लागलं तसा ते कापायला मुलगा स्वतः ट्रॅक्टरवर बसला आणि पहिल्याच वळणाला त्याचे खांदे भरून आले. मेकॅनिकने पुढच्या चाकांच्या सांध्यांतलं दगड झालेलं ग्रीस खरवडलं, नवं भरलं, टायरमध्ये हवा मारली. पाऊण तासाचं काम.

"घ्या, आता एका बोटाने फिरवा," तो म्हणाला. "इतके दिवस हे चालवणाऱ्याच्या दंडात ताकद मात्र रेड्याची असणार हो!"

मुलाने एका बोटाने फिरवून पाहिलं. मग घाईघाईने खिशातून फोन काढला. "थांब, बाबांना सांगतो."

सुनेने फोन हळूच काढून घेतला.



"नका हो सांगू. आता कुठे ते बाल्कनीतल्या कुंडीत रमायला लागलेत."