उजवीकडे ओढणारी गाडी

"अजून उजवीकडेच ओढतेय," बाबा हेल्मेट काढत म्हणाले. "समोरून एसटी आली. थोडक्यात वाचलो."

मेकॅनिक मुनीरभाईंनी डोकं खाजवलं. बाबांच्या छोट्या क्रूझर बाइकचे पुढचे शॉकअप बदलून झाले होते, हँडलच्या दांड्यातलं बेअरिंग, कोनसेटही. "ताई, तुम्ही एक चक्कर मारून बघा."

मी साखर कारखान्यापर्यंत जाऊन आले. हँडलवरची पकड सैल केली, तरी गाडी सरळच जात होती.

परतले तेव्हा बाबा गॅरेजच्या बाकावर चहा पीत होते. डाव्या हातातून ग्लास निसटायला लागला, तसा त्यांनी तो उजव्याने सावरला. डाव्या हातात जोरच उरला नव्हता. गाडी चालवताना हँडलवर फक्त उजव्या हाताचा जोर पडत असणार, म्हणून ती उजवीकडे जात असणार. किती दिवसांपासून, कोण जाणे.

"तुलाही ओढली ना?" ते ग्लासकडे बघत म्हणाले.

डॉक्टरांचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं.

"हो, ओढली."

"बघ मुनीर. तू म्हणत होतास, काकांना भास होतात."

मला सरळ येताना मुनीरभाईंनी पाहिलं होतं. त्यांनी पाना उचलला आणि पुढचं चाक पुन्हा खोलायला घेतलं.