दोन वर्षांत एक शब्द

"मावशी, उभी राहा," एवारिस्तो मास्तर म्हणाला. "नुसतं नाव सांग. माझं नाव सातुर्निना. एवढंच."

सातुर्निना उभी राहिली. हातातली टकळी थांबली. तिने मास्तरकडे पाहिलं, ओठ मिटले आणि पुन्हा खाली बसून सूत कातायला लागली.

वर्गात हशा पिकला. एवारिस्तोच्या डोक्यात तिडीक गेली.

दर रविवारी बाजार उठला की त्याचा स्पॅनिशचा वर्ग भरायचा. कुणी बटाटे विकून यायचं, कुणी लोकर. सगळ्यांच्या घरात केचुआ, डोंगरातली जुनी बोली. पण शहरातल्या दवाखान्यात, कचेरीत केचुआ बोलणाऱ्याकडे कुणी मान वर करून बघत नसे. एवारिस्तो याच डोंगरातला, मेंढरं राखत शिकलेला. भाषा मनानं येते, असं तो पहिल्याच दिवशी सांगायचा. येणार म्हटलं की येते, नाही म्हटलं की सात जन्म येत नाही. चुकायला लाजू नका.

ते खरंही होत होतं. लेआंद्रो हमाल बाजारात एका बाईला स्पॅनिशमध्ये 'दमलात का' विचारायला गेला आणि एक अक्षर गाळून 'लग्न झालंय का' विचारून चापट खाऊन आला. आल्या आल्या सगळ्या वर्गाला त्याने ते हसत सांगितलं. सहा महिन्यांत तो स्पॅनिशमध्ये घासाघीस करायला लागला. तेवीस जणांपैकी बावीस जण बोलायला लागले.

तेविसावी ही.

ती वर्गात यायला लागली ती खटला हरल्यावर पंधरा दिवसांनी. तिच्या कुरणातला झरा ओलार्ते नावाच्या माणसाने ट्राउट माशांच्या तळ्यांकडे वळवला होता. कागदावर तिचा अंगठा होता. झरा कायमचा दिला, असं तिने कोर्टात स्वतःच्या तोंडाने कबूल केल्याचं निकालात लिहिलं होतं. कोर्टात दुभाष्या म्हणून एवारिस्तोच उभा होता. या खोऱ्यात तेवढं काम करणारा दुसरा माणूस नव्हता. म्हातारी न्यायाधीशाला घाबरली असणार, असं गावात म्हणत. त्या उन्हाळ्यात तिचे अकरा अल्पाका, लोकरीसाठी पाळलेली जनावरं, तहानेने मेले. तिने ते एकटीने पुरले.

तेव्हापासून एकही रविवार तिने चुकवला नाही. अडीच तास चालत यायची, मागच्या बाकावर बसायची, सूत कातायची. वही नाही, प्रश्न नाही. सुरुवातीला एवारिस्तोला तिची कीव आली. नंतर राग यायला लागला. ओलार्तेसाहेबांनी वर्गाच्या छपराला नवे पत्रे दिले, बाक दिले. त्या बाकावर ही नुसतं बूड टेकायला येते, असं तो बायकोपाशी चिडून बोलला.

आज त्याचा तोल गेला.

"दोन वर्षं झाली, मावशी. दोन वर्षांत एक शब्द नाही. तुला यायचंच नाहीये. मनाला कुलूप घालून बसलीयस आणि वर माझा वर्ग अडवतेस. कशाला येतेस?"

"ऐकायला," ती केचुआत म्हणाली.

"ऐकून कुणी शिकत नाही. तोंड उघडावं लागतं."

तिचा चेहरा लालबुंद झाला. लेआंद्रो म्हणाला, जाऊ द्या मास्तर, म्हातारं माणूस आहे. तिने लेआंद्रोकडेही अशा नजरेनं पाहिलं की त्याने मान फिरवली.

पुढच्या गुरुवारी झऱ्याच्या खटल्यात तिच्या अपिलाची सुनावणी होती. नवा न्यायाधीश किनाऱ्याकडचा होता. त्याला केचुआचा गंध नव्हता, पण जुनी कबुली त्याला पुन्हा ऐकायची होती. बाईंना थोडंफार स्पॅनिश येतं का, असं त्याने आधीच विचारलं.

"माझ्याच वर्गात बसतात, साहेब," एवारिस्तो म्हणाला. "एक अक्षर येत नाही. शपथेवर सांगतो."

समोरच्या रांगेत ओलार्ते हसला. न्यायाधीशाने एवारिस्तोला दुभाष्याची शपथ दिली आणि बाईंना बोलायला सांगितलं.

सातुर्निना केचुआत बोलली. सावकाश, एकेक वाक्य तोडून. ती म्हणाली, "मी पाणी एका वर्षासाठी दिलं. तळी भरेपर्यंत, असं तो म्हणाला होता. अंगठा मी त्यासाठी दिला. झरा मी विकला नाही, कायमचा दिला नाही. माझी जनावरं मेली."

एवारिस्तोने घसा खाकरला आणि स्पॅनिशमध्ये सांगितलं, "झरा मी खुशीने कायमचा दिला, असं त्या म्हणतात. आता जनावरं मेल्यामुळे पस्तावा होतोय."

कारकुनाची बोटं यंत्रावर खटखटली. न्यायाधीशाने मान हलवली. म्हणजे पहिल्या वेळी म्हणाल्या तेच, असं तो पुटपुटला. बाईंना आणखी काही सांगायचंय का, असं त्याने विचारलं.

एवारिस्तो तिच्याकडे वळला. तो प्रश्न केचुआत सांगण्याआधीच ती उठून उभी राहिली होती. तिची पाठ त्याच्याकडे होती आणि तोंड न्यायाधीशाकडे.

"साहेब," ती स्पॅनिशमध्ये म्हणाली, "मी बोलला एक वर्ष. 'कायमचा' हा माणूस घातली, आज पण, तेव्हा पण. ते खोडा. आता मी सांगते, तुम्ही लिही."